नाव झाकलं तरी चालेल, पण कुठल्या बाजूला उभे आहात ते झाकू नका

प्रश्न काय आलाय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. विचारणारे तासगाव भागातले आहेत, एका कृषी सेवा केंद्रात काउंटरवर काम करतात, आणि द्राक्षाच्या औषधांबद्दल ब्लॉग सुरू करायचा विचार आहे. त्यांचं म्हणणं असं की शेतकरी लेबल न वाचता औषध नेतो, दुकानदार सांगेल ते मारतो, त्यातल्या बऱ्याच फवारण्या गरजेच्या नसतात, आणि हे रोज आतून बघणारा माणूस म्हणून आपल्याला लिहायचंय. पण मालकाला कळलं तर नोकरी जाणार. एक मित्र म्हणतो की नाव न देता लिहिणं हा भित्रेपणा आहे, नाव नसलेल्याचं कोण ऐकतंय. आणि शेवटी एका ओळीत विचारलंय की कंपनीचे लोक सॅम्पलच्या बाटल्या देतात, त्या घेऊन त्याबद्दल लिहिलं तर चालेल का.

मला विचाराल तर त्या शेवटच्या ओळीतच सगळा प्रश्न आहे, नावाचा मुद्दा त्याच्या नंतरचा. एखादा शेतकरी रात्री जेवून मोबाइलवर तुमचं वाचणार आणि सकाळी टाकीत काय ओतायचं ते ठरवणार. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का नाही हे त्यानं कशावरून ठरवायचं, एवढंच बघायचंय. नाव त्यातला एक भाग झाला, आणि बऱ्याचदा तो सगळ्यात मोठा भाग नसतो.

आता मी कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं बोलायला मला तोंड नाही. मी सांगलीत राहतो, बेदाण्याच्या बाजाराबद्दल बरीच वर्षं लिहितोय, सुरुवातीला टोपणनावानं आणि नंतर स्वतःच्या नावानं. घरची बाग आहे, आमचाही बेदाणा सौद्याला, म्हणजे बाजारातल्या लिलावाला जातो, आणि मामांची अडत आहे. वकील नाही, त्यामुळं खाली कायद्याचं जे सांगतोय ते लिहिणाऱ्या माणसाला माहीत असायला पाहिजे इतपतच, नोटीस आली तर सरळ वकील गाठायचा.

नाव द्यायचं का नाही हे तुम्ही काय लिहिणार त्यावर अवलंबून आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आणि ग्रुपवर मेसेजचा नुसता मारा, कोयनेतून इतकं सोडलं, अलमट्टीचं असं झालं, आता रात्रीत अजून इतके फूट वाढणार. त्या वेळी ज्यानं पुलाच्या पट्टीचा फोटो वेळेसकट टाकला त्याचं नाव कुणी विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती, पट्टी दिसत होती. पण 'आतल्या माणसाकडून कळलंय' म्हणून जे आलं ते कुणाच्या भरवशावर खरं मानायचं, याला काही आधारच नव्हता, आणि माणसं तर त्याच्यावरच घर सोडायचं का थांबायचं ते ठरवत होती.

म्हणजे वाचणारा स्वतः तपासू शकतो असलं काही लिहिणार असाल तर नावाचं काही अडत नाही. लेबलवर काय छापलंय, पुण्याजवळ मांजरीला जे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे त्यांच्या यादीत, ज्याला आपल्याकडं सगळे अ‍ॅनेक्श्चर फाइव्ह म्हणतात, त्यात कुठला घटक आहे आणि काढणीच्या किती दिवस आधी तो बंद करायचा, हे ज्याला शंका येईल त्यानं उघडून बघावं. पण 'आमच्याकडं या औषधानं डाऊनी चांगली आटोक्यात आली' (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग) हे तपासता येत नाही, ते तुमच्या शब्दावर घ्यावं लागतं, तिथं नाव नाही तर नाही पण तुम्ही विकणारे का वापरणारे हे तरी कळायलाच पाहिजे. आणि 'अमुक कंपनीचा माल बोगस', 'तमुक दुकानदार फसवतो' असलं लिहिणार असाल तर माझं मत कडक आहे, ते टोपणनावानं लिहायचंच नाही. समोरच्याचं नाव उघड्यावर आणि आपलं झाकलेलं, हा बरोबरीचा व्यवहार होत नाही. त्याला उत्तर द्यायचं तर कुणाला द्यायचं, वाद घालायचा तर कुणाशी घालायचा.

मित्राच्या भित्रेपणाच्या मुद्द्याला मी फार किंमत देत नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रं लिहिली तेव्हा ते इंग्रजांच्या नोकरीत होते, छापून आलं ते टोपणनावानं, आणि आपल्याच समाजाच्या वर्मावर बोट ठेवून लिहिलं. त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. नोकरी, घरचे, गावातले संबंध ही काही खोटी कारणं नाहीत, महिन्याच्या पगारावर घर चालणाऱ्या माणसाला 'नाव टाक की, घाबरतोस काय' म्हणणं सोपं असतं, म्हणणाऱ्याचं काही जात नाही. पण त्या उदाहरणातली दुसरी बाजूही बघा. नाव एकच होतं आणि कायम होतं. वाचणारा म्हणू शकत होता की या माणसानं मागं असं लिहिलं होतं, आता असं लिहितोय. तुम्हीही एकच टोपणनाव घ्या आणि त्याला धरून राहा. आज या नावानं, उद्या त्या नावानं, परवा नावच नाही, असं केलं की मागचा हिशोब कुणाला ठेवता येत नाही आणि मग मित्र म्हणतो तसं खरंच कुणी ऐकत नाही.

टोपणनाव घेणं आणि खोटा माणूस उभा करणं यात मात्र फार अंतर आहे. २०११ मध्ये सीरियात आंदोलनं चालू असताना दमास्कसमधल्या एका मुलीचा ब्लॉग जगभर गाजला होता, ती समलैंगिक आहे, सरकारविरोधी आहे, मग एक दिवस तिला उचलून नेलं अशी पोस्ट आली, लोक तिच्या सुटकेसाठी धडपडायला लागले. निघालं काय, तर लिहिणारा अमेरिकेचा एक पुरुष, स्कॉटलंडमध्ये एडिनबराला शिकत असलेला, आणि फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचा लावलेला. त्यामुळं सीरियात जे खरोखर जीव धोक्यात घालून लिहीत होते त्यांच्यावरचाच विश्वास उडायची वेळ आली. त्यानं नुसतं नाव झाकलं असतं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. त्यानं आपण कुठं उभं राहून बोलतोय तेच खोटं सांगितलं. आपल्याकडं याचं छोटं रूप रोज दिसतं, कंपनीचा माणूस शेतकरी म्हणून ग्रुपमध्ये येतो आणि 'मी हे वापरलं, रिझल्ट जबरदस्त' म्हणून फोटो टाकतो. तुम्ही काउंटरवरून हे शंभरदा बघितलं असेल. तुमच्या ब्लॉगवर तुम्ही 'मी एक सामान्य शेतकरी' म्हणून लिहायला लागलात तर तुम्हीही त्याच रांगेत जाऊन बसाल, हेतू कितीही चांगला असू दे.

यावर आता नियमही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर मालाची शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या, त्याच्या मागं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात वाचकाला सांगायचं हितसंबंध म्हणजे काय हे चांगलं फोडून सांगितलंय. नुसते पैसेच नाहीत, फुकट माल, सहली, हॉटेलातला मुक्काम, बक्षिसं, आणि पुढं घरचं नातं किंवा नोकरीचं नातं सुद्धा. न मागता आलेला फुकट मालही त्यात धरलाय. आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत हे सांगायचं, म्हणजे मराठीत लिहिलं तर मराठीतच, खाली कुठंतरी बारीक इंग्रजी शब्द टाकून सुटका नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला त्या कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत परत केली तर ५० लाखांपर्यंत. तुमच्यापर्यंत कुणी दंड घेऊन येईल म्हणून हे सांगत नाही. सांगायचं कारण असं की तुम्ही ज्या दुकानात काम करता तिथं जे विकलं जातं त्याबद्दल तुम्ही चांगलं लिहिलं तर ते हितसंबंधातच येतं, बाटली फुकट घेतली नसली तरी. आणि शेजारच्या दुकानात जे मिळतं, तुमच्याकडं मिळत नाही, त्याबद्दल वाईट लिहिलं तरी येतं.

मी माझ्या पोस्टमध्ये काय करतो ते सांगतो. सौद्याचे भाव लिहिले की पहिल्याच परिच्छेदात एक ओळ असते, 'आजच्या सौद्यात आमच्या घरचा हिरवा माल होता' किंवा 'आज आमचा माल नव्हता'. आणि मामांच्या अडतीवर काही झालं असेल तर 'ही अडत माझ्या मामांची आहे'. शेवटी टाकत नाही, कारण शेवटपर्यंत फार लोक येतच नाहीत. काही लोक म्हणतात हे रोज रोज कशाला, सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांना माहीत नसतं, विजापूरकडचा कुणी वाचत असतो, त्याला मी कोण ते काय माहीत. आणि मालाला भाव वाढणार असं मी लिहिलं तर त्यात माझाच फायदा आहे हे त्याला दिसायलाच पाहिजे, मग त्यानं माझं मत किती धरायचं ते त्याचं तो ठरवेल.

तुमच्यासाठी 'माझ्याबद्दल' पानावर मी असं काहीतरी लिहीन: 'मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष पट्ट्यात एका कृषी सेवा केंद्रात पगारावर काम करतो. औषधं विकून चालणाऱ्या दुकानातून माझा पगार येतो. नाव देत नाही, कारण दिलं तर काम जाईल. कुठल्याही कंपनीकडून पैसे, माल किंवा सहल घेत नाही. इथं ब्रँडचं नाव घेऊन चांगलं किंवा वाईट लिहीत नाही. ठिकाण आणि वेळ कधी कधी मुद्दाम मोघम ठेवतो, पण आकडे बदलत नाही.' एवढं वाचल्यावर माणसाला नावाची फार गरज उरत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर मिळून अशी दुकानं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळं जिल्हा सांगितला म्हणून लगेच कुणी तुमच्या काउंटरवर येऊन उभा राहणार नाही.

पण उघडं पडायची तयारी ठेवा, आणि पडलंच तर कशामुळं पडेल ते समजून घ्या. लोकांना वाटतं कुणीतरी कॉम्प्युटरवाला शोधून काढेल. लहान गावात तसं होत नाही. मी टोपणनावानं लिहीत होतो तेव्हा सौद्यात बेदाण्याची जी उधळण होते त्यावर लिहिलं होतं, बॉक्स ओततात, मूठभर उचलून बघतात, चाखतात, टाकतात, खाली पडलेला माल पायाखाली जातो आणि तो शेतकऱ्याच्या वजनातून गेलेला असतो. सोबत एक फोटो होता, त्यात एकाचंही तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय आणि खाली पसरलेला माल. दोन दिवसांनी एका अडत्यानं चहा पिता पिता शांतपणे सांगितलं, हा फोटो त्या खांबापाशी उभं राहून काढलाय, तिथं तर तुम्ही उभे असता. त्याला माझा आयपी अ‍ॅड्रेस बघावा लागला नाही. पुढं मी नावानं लिहायला लागलो त्याचं एक कारण हे, आणि दुसरं मोठं कारण म्हणजे घरचा माल आणि मामांची अडत हे नाव न देता नीट सांगताच येत नव्हतं. नावानं लिहिल्यावर काहीजण बोलायचे कमी झाले हे खरं, पण काहीजण फोन करून 'तू अर्धंच लिहिलंस, आमची बाजू ऐक' म्हणायला लागले, आणि त्यातून पुढच्या पोस्टी जास्त चांगल्या झाल्या. तुमचं तसं नाही, तुमचं पोट त्या काउंटरवर आहे, म्हणून तुम्हाला मी नाव टाका म्हणत नाही.

तर फोटोत मागची रॅक, फरशी, कॅलेंडर, बिलबुकावरचं अक्षर, यातलं काही येऊ देऊ नका. त्याहून महत्त्वाचं, जी गोष्ट दुकानात फक्त तुम्हाला आणि मालकालाच माहीत आहे ती लिहू नका, कारण मग शोधायला एकच माणूस उरतो. काल झालेलं आज लिहू नका, हंगाम जाऊ द्या. तुमची बोलायची लकबही बघा, ग्राहकाला रोज जे वाक्य ऐकवता तेच पोस्टमध्ये आलं तर तो ग्राहकच ओळखेल. बाकी तांत्रिक गोष्टी पटकन सांगतो: ब्लॉगसाठी वेगळा ईमेल, त्याला तुमचा रोजचा नंबर जोडायचा नाही, मोबाइलनं काढलेल्या मूळ फोटोत जागेची माहिती असू शकते ती काढायची, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच जाते, पीडीएफ बनवली तर त्यात बनवणाऱ्याचं नाव बसलेलं असू शकतं, आणि मदतीसाठी यूपीआय आयडी टाकला तर पैसे पाठवणाऱ्याला खात्यावरचं नाव सरळ दिसतं. जाहिराती लावून पैसे मिळवायचे तर नाव, पत्ता, बँक खातं सगळं द्यावं लागतं, तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही असं मी म्हणेन.

इंग्लंडमधलं एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या परिस्थितीच्या जवळचं आहे. लँकेशायरचा एक पोलीस 'नाइटजॅक' नावानं ब्लॉग लिहायचा, रोजच्या कामातलं, पोलिसी कारभारातलं. २००९ मध्ये त्याला ऑर्वेल पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या टाइम्सनं त्याचं नाव छापायचं ठरवलं. तो कोर्टात गेला, कोर्टानं सांगितलं ब्लॉग लिहिणं हे सार्वजनिक काम आहे, त्यात नाव गुप्त राहील अशी अपेक्षा धरता येत नाही. नाव छापून आलं, त्याला खात्याकडून लेखी ताकीद मिळाली, ब्लॉग बंद. पुढं काही वर्षांनी बाहेर आलं की बातमीदार त्याच्या ईमेलमध्ये शिरला होता, आणि वृत्तपत्राला भरपाई द्यावी लागली, पण तोवर त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हा ईमेलला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, आणि 'पहिल्या शाळेचं नाव' असल्या प्रश्नांची उत्तरं खरी देऊ नका.

कायद्याचं म्हणाल तर लोक दोन टोकांना असतात. एकाला वाटतं काहीही लिहिलं की पोलीस उचलतात, दुसऱ्याला वाटतं टोपणनाव घेतलं की कुणी काही करू शकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली एखाद्या पोस्टवरून लोकांना अटक व्हायची ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. पण बदनामीचा गुन्हा आहे तसाच आहे, आधी भारतीय दंड विधानाचं ४९९ आणि ५०० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीची बदनामी हीसुद्धा त्यात येते. आणि खरं होतं एवढं म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकांच्या भल्याचं होतं हेही दाखवावं लागतं. कोर्ट किंवा पोलिसांनी रीतसर मागितलं तर ब्लॉग चालवणारी कंपनी तुमची माहिती देऊ शकते, टोपणनाव तिथं आडवं येत नाही. जाता जाता, हे वाचणारे कुणी सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असतील तर त्यांनी आधी आपले वर्तणूक नियम वाचावेत. केंद्राच्या १९६४ च्या नियमात सरकारवर टीका करायची बंदी स्वतःच्या नावानं, निनावी आणि टोपणनावानं अशी तिन्ही मिळून घातलेली आहे. तिथं नाव झाकून पळवाट निघत नाही.

आता मालकाबद्दल. तुम्ही त्याच्याकडं काम करता, तेव्हा त्याच्याबद्दलही तुमचं काही देणं आहे, हे ब्लॉग लिहिणारे विसरतात. खरेदीची बिलं, त्याचं मार्जिन, कुठल्या कंपनीनं त्याला कसली स्कीम दिली, हे दुकानाचं आहे, ते ब्लॉगवर टाकू नका. दुकानदारांना टार्गेटवर सहली मिळतात आणि म्हणून काउंटरवर एखादं औषध पुढं सरकवलं जातं, हे धंद्याचं सर्वसाधारण चित्र म्हणून लिहायला काही हरकत नाही, ते सगळ्या पट्ट्याला माहीत आहे. आणि ग्राहक. कोणाची किती उधारी आहे, कोण कुठल्या पिकावर काय मारतो, कोणाचा प्लॉट गेला, हे नाव न घेताही लिहायचं नाही. 'आमच्याकडं एक जण आला, त्याची अशी अशी बाग' एवढ्यावर गावात माणूस ओळखतात. तुमच्यावर विश्वास ठेवून तो काउंटरवर बोलला, ब्लॉगसाठी बोलला नाही.

मग लिहायचं काय? ब्रँड सोडा, घटक धरा. बाटलीवर मोठ्या अक्षरात काहीही नाव असू दे, आत मॅन्कोझेब आहे का अझॉक्सीस्ट्रॉबिन आहे, किती टक्के आहे, हे लहान अक्षरात असतं, त्याच्यावर लिहा. एकच घटक चार नावांनी चार भावांना विकला जातो हे शेतकऱ्याला समजलं तरी त्याचा केवढा पैसा वाचेल. टॉनिक म्हणून जे विकतात त्यावर लिहा, २०२१ पासून जैवउत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणलीत, लेबलवर काय असायला पाहिजे ते सांगा. रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं सांगा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधामुळं, म्हणजे आपल्याकडं ज्याला लिहोसिन म्हणतात त्यामुळं, आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, त्या वेळी बागायतदारांना जे सोसावं लागलं ते अजून लोकांच्या लक्षात आहे, नव्या पोरांना मात्र माहीत नाही. घटकावर लिहिलं की तुमच्या दुकानाचा फायदातोटा आपोआप बाजूला पडतो, बदनामीचा धोका कमी होतो, आणि तुमचं नाव नसलं तरी वाचणारा प्रत्येक गोष्ट बाटली हातात घेऊन तपासू शकतो.

खरंच एखादा माल बनावट वाटला तर? तो ब्लॉगचा विषय पहिल्यांदा नाहीच. ज्या शेतकऱ्यानं घेतला त्याला पक्कं बिल, बाटली, बॅच नंबर जपून ठेवायला सांगा आणि कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडं तक्रार करायला सांगा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली सॅम्पल घ्यायचा अधिकार त्याला आहे, प्रयोगशाळेचा अहवाल येतो, मग जे काही लिहायचं ते अहवालावर लिहिता येतं. त्याच्या आधी लिहायचंच असलं तर जे बघितलं तेवढंच, 'या लेबलवर एक्स्पायरीची तारीख खोडलेली दिसली' इतकंच, त्यावरून 'बोगस' म्हणायचं नाही. आणि लिहिण्याआधी लेबलवरच्या पत्त्यावर, कस्टमर केअरला ब्लॉगच्या ईमेलवरून विचारा, आठवडाभर थांबा, उत्तर आलं तर जसंच्या तसं छापा, नाही आलं तर 'विचारलं होतं, उत्तर आलं नाही' असं लिहा.

सॅम्पलच्या बाटल्यांचं उत्तर आता तुम्हाला कळलंच असेल. घेऊ नका. मालक घेतो आणि तुमच्या हातात देतो तर दुकानात राहू द्या, पण त्या बाटलीतल्या मालावर लिहू नका. घेऊन 'मला हे फुकट मिळालं' असं सांगून लिहिणं नियमात बसतं, नावानं लिहिणारे बरेच तसं करतात. टोपणनावानं लिहिणाऱ्याला ते परवडत नाही, कारण तो खरंच एवढंच सांगतोय का अजून काही घेतलंय हे बघायला वाचकाकडं कुठलाच रस्ता नाही. तसंच स्वतःच्याच पोस्टखाली दुसऱ्या नावानं 'छान माहिती' म्हणून कमेंट टाकू नका, आणि कुणी कमेंटमध्ये नाव घेऊन आरोप केला तर तो बघितल्याशिवाय दिसू देऊ नका, पान तुमचं आहे.

चूक झाली तर काय, हे आधीच ठरवा. काढणीपूर्व दिवसांचा आकडा तुम्ही ३० च्या जागी २० लिहिला आणि कुणी तो धरला तर त्याचा निर्यातीचा प्लॉट जाऊ शकतो. चुपचाप आकडा बदलायचा नाही. पोस्टच्या वर तारीख टाकून लिहायचं, आधी काय लिहिलं होतं, आता काय आहे, आणि ज्या ग्रुपवर पोस्ट टाकली होती तिथंही परत टाकायचं. आकडा कुठल्या यादीतून घेतला आणि ती यादी कुठल्या हंगामाची आहे हेही प्रत्येक वेळी द्या, कारण यादी बदलत असते. टोपणनावाला पत कशानं येते असं विचाराल तर माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त यानंच येते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण येणार आहे. मालकानं एक दिवस समोर बसवून विचारलं, हे तू लिहितोस का? माझं मत असं की तिथं खोटं बोलू नका. ब्लॉगवर इतकं खरं लिहायचं आणि ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, हे जमत नाही, आणि पुढं कळलंच तर सगळ्या जुन्या पोस्टी त्या एका नकारामुळं संशयात येतात. म्हणून प्रत्येक पोस्ट टाकायच्या आधी हे बघा की मालकानं ही वाचली आणि मीच लिहिलीय हे त्याला कळलं, तर त्याच्यापुढं बसून मला ही खरी ठरवता येईल का. येत असेल तर टाका. आणि असा दिवस आला तर काय करायचं, ब्लॉग बंद करायचा, नावानं चालू ठेवायचा का दुसरीकडं काम बघायचं, हे घरात आत्ताच बोलून ठेवा, त्या दिवशी डोकं चालत नाही.

सुरुवात अशाच पोस्टींनी करा ज्यांना नाव लागतच नाही. पहिली पोस्ट बाटलीवरच्या त्या तिरप्या चौकोनावर लिहा, खालच्या त्रिकोणात लाल रंग असला तर अति विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. रोज काउंटरवरून बाटल्या जातात आणि हे बघून नेणारे फार थोडे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. दुसरी रजिस्ट्रेशन नंबर, बॅच आणि तारखेवर. ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आधी अशा चार-पाच पोस्टी पडल्या पाहिजेत, कारण एकदा पाऊस आणि डाऊनी सुरू झाली की कुणाला वाचायला वेळ नसतो, तेव्हा लोक फक्त विचारतात, काय मारू.